रूट दिसतात, पिंग लागतो, तरी शाखा बंद : एमपीएलएस व्हीपीएनमधील वारंवार उद्भवणारा एक बिघाड

एमपीएलएस व्हीपीएन म्हणजे पॅकेटांवर लेबले, म्हणजे वाट दाखवणारे आकडे, लावून सेवादात्याच्या सामाईक जाळ्यावरून ग्राहकाच्या शाखा खासगीपणे जोडण्याची पद्धत. तिच्यात वारंवार असे घडते : मुख्य फायबर तुटते, वाहतूक पर्यायी मार्गावर वळते, ओएसपीएफ आणि बीजीपी हे राउटरांना मार्ग कळवणारे प्रोटोकॉल दोन्ही ठणठणीत दिसतात, ग्राहकाचे रूट व्हीआरएफमध्ये (त्या ग्राहकाच्या स्वतंत्र राउटिंग टेबलात) जागच्या जागी असतात, एका पीई राउटरवरून (ग्राहकाला जोडणाऱ्या टोकाच्या राउटरवरून) दुसऱ्या पीईच्या लूपबॅकला (राउटरच्या स्वतःच्या कायम पत्त्याला) पिंगही लागतो, आणि तरीही ग्राहकाच्या एका शाखेतून दुसऱ्या शाखेत एकही पॅकेट पोचत नाही. तीन-चार तासांनी फायबर जोडली जाते, सगळे आपोआप सुरळीत होते, तिकिटावर (तक्रारीच्या नोंदीवर) ‘फायबर कट, लिंक पूर्ववत’ असा शेरा पडतो आणि ते बंद होते. पुढच्या वेळी फायबर तुटली की हेच सारे पुन्हा घडते.

मी ज्या नियंत्रण कक्षात काम करतो तिथे एका पावसाळ्यात हा प्रकार चार वेळा झाला. ग्राहक म्हणजे एक सहकारी बँक. नाशिक भागातल्या शाखांचा डेटा कोल्हापूरच्या केंद्राकडे जात असे. नेहमीचा मार्ग नाशिकच्या पीईपासून मुंबई आणि पुण्याच्या पी राउटरांवरून (ग्राहकाशी थेट न जोडलेल्या मधल्या राउटरांवरून) कोल्हापूरच्या पीईपर्यंत, आणि कसारा घाटात रस्त्याच्या कामात फायबर तुटली की नाशिकहून अहिल्यानगरमार्गे पुणे आणि पुढे कोल्हापूर. चारही वेळा बँकेच्या काउंटरवर पासबुक भरायला आलेली माणसे ताटकळत उभी राहिली, आणि चारही वेळा आम्ही त्यांना ‘आमच्याकडून सगळे ठीक दिसते’ असेच उत्तर दिले. ते उत्तर चुकीचे होते. आम्ही पाहत होतो ते रूट, आणि तुटले होते ते लेबल. या बिघाडाचा शोध तिथूनच सुरू करावा लागतो, म्हणून आधी लेबलांचे काम थोडक्यात मांडतो.

दोन लेबले आणि त्यांचे वेगवेगळे मालक

आरएफसी ४३६४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचे क्रमांकित दस्तऐवज) २००६ साली मांडलेल्या पद्धतीप्रमाणे ग्राहकाच्या पॅकेटवर बॅकबोनमध्ये (सेवादात्याच्या मुख्य जाळ्यात) शिरताना दोन लेबलांची चळत चढते. आतले लेबल कोल्हापूरच्या पीईने एमपी-बीजीपीतून (बीजीपीच्या विस्तारित रूपातून) नाशिकच्या पीईला कळवलेले असते, आणि ‘हे पॅकेट कोणत्या व्हीआरएफचे, कोणत्या दिशेने सोडायचे’ एवढेच ते सांगते. त्याचा अर्थ कोल्हापूरखेरीज कोणालाही कळत नाही. बाहेरचे लेबल म्हणजे कोल्हापूरच्या लूपबॅकपर्यंत जाण्याची वाट, आणि ते प्रत्येक टप्प्यावर शेजारच्या राउटरने एलडीपीतून (लेबले वाटणाऱ्या प्रोटोकॉलमधून) दिलेले असते. मधल्या पी राउटरांना बँकेच्या पत्त्यांचा पत्ताही नसतो. व्हीपीएन हजारो ग्राहकांपर्यंत वाढू शकते ती याच रचनेमुळे, आणि बाहेरचे लेबल मध्येच गळाले की पॅकेट निराधार होते तेही याच रचनेमुळे.

आता पिंगचे पाहू. नाशिकच्या पीईवरून कोल्हापूरच्या लूपबॅकला केलेल्या साध्या पिंगवर एकच लेबल असते. अहिल्यानगरला पोचल्यावर तिथल्या राउटरकडे पुढचे लेबल नसले, तर तो असलेले लेबल काढून टाकतो आणि उरलेले साधे आयपी पॅकेट राउटिंग टेबलप्रमाणे पुण्याकडे पाठवतो. लूपबॅकचा पत्ता सर्व पी राउटरांना ओएसपीएफमधून ठाऊक असल्याने ते पॅकेट निर्धास्त पोचते. बँकेच्या पॅकेटचे तसे होत नाही. त्याच्या बाहेरच्या लेबलाखाली आणखी एक लेबल असते, जे अहिल्यानगरच्या ओळखीचे नाही, म्हणून ते पॅकेट तिथेच टाकले जाते, आणि त्याची ना नोंद होते ना अलार्म वाजतो. पीईपासून पीईपर्यंतचा पिंग हा व्हीपीएनचा मार्ग शाबूत असल्याचा पुरावा नव्हे, ही एक गोष्ट नियंत्रण कक्षात बसणाऱ्या प्रत्येकाच्या मनावर ठसली पाहिजे असे मला कळकळीने वाटते, कारण आमचे चारही तिकिटांवरचे निदान याच एका पिंगवर बेतलेले होते.

यात एक आणखी अडचण आहे. सिस्कोच्या आयओएस या राउटर-प्रणालीत एलडीपी स्वतंत्र पद्धतीने लेबले वाटते, म्हणजे पुढच्या शेजाऱ्याकडून लेबल मिळालेले असो वा नसो, राउटर स्वतःचे लेबल मागच्याला देऊन मोकळा होतो. त्यामुळे अहिल्यानगरच्या पुढे वाट तुटली असली, तरी नाशिकच्या पीईला अहिल्यानगरने दिलेले लेबल व्यवस्थित दिसते. ज्युनिपरच्या जुनोसमध्ये क्रमबद्ध पद्धत असते. तिथे पुढून लेबल आल्याशिवाय मागे दिले जात नाही, आणि पीईवर आयनेट.३ या टेबलात लेबल-मार्ग नसेल तर व्हीपीएनचा रूट लपलेला म्हणून दाखवला जातो. म्हणजे एकच बिघाड एका यंत्रावर पहिल्याच टप्प्यात उघडा पडतो आणि दुसऱ्यावर दोन राउटर पुढे जाईपर्यंत दिसत नाही. मिश्र नेटवर्कमध्ये काम करणाऱ्यांनी हा फरक जरूर ध्यानात ठेवावा.

बिघाड चालू असताना काय पाहावे

फायबर जोडली गेली की पुरावा नाहीसा होतो, म्हणून तपास बिघाड चालू असतानाच करावा लागतो. सर्वप्रथम नाशिकच्या पीईवर त्या व्हीआरएफमध्ये कोल्हापूरचा रूट आहे का, हे पाहावे. रूटच नसेल तर तो निराळा आजार आहे. त्यात बहुधा रूट टार्गेटचा आयात-निर्यात जोड चुकलेला असतो, आणि रूट डिस्टिंग्विशर बदलून तो सुटत नाही, कारण डिस्टिंग्विशर फक्त सारखे पत्ते वेगळे ओळखू येण्यासाठी असतो, कोणता रूट कोणत्या व्हीआरएफमध्ये जाईल हे टार्गेट ठरवते. रूट असेल, तर त्याचा नेक्स्ट हॉप (पॅकेट पुढे ज्या राउटरकडे जायचे तो पत्ता) आणि आतले लेबल टिपून घ्यावे. आमच्या उदाहरणात नेक्स्ट हॉप १०.२५५.०.२४, म्हणजे कोल्हापूरच्या पीईचा लूपबॅक, आणि आतले लेबल ३७.

इथून पुढे बँकेला विसरून फक्त १०.२५५.०.२४/३२ या एका पत्त्याच्या मागे चालत जायचे. प्रत्येक राउटरवर ‘शो एमपीएलएस फॉरवर्डिंग-टेबल’ ही आज्ञा त्या पत्त्यासाठी द्यावी आणि बाहेर जाणारे लेबल कोणते आहे ते वाचावे. नाशिकच्या पीईवर बाहेर जाणारे लेबल २१, दिशा अहिल्यानगर. अहिल्यानगरवर आत येणारे २१, आणि बाहेर जाणाऱ्या रकान्यात ‘नो लेबल’. जुन्या आवृत्त्यांमध्ये याच ठिकाणी ‘अनटॅग्ड’ असे छापून येते. ‘पॉप लेबल’ ही नोंद याहून वेगळी असून ती शेवटून दुसऱ्या राउटरवर अगदी रास्त असते, कारण शेवटच्या पीईने ३ क्रमांकाचे राखीव लेबल देऊन ‘बाहेरचे लेबल तुम्हीच उतरवून पाठवा’ असे सांगितलेले असते. ‘नो लेबल’ मात्र व्हीपीएनच्या वाटेत कुठेही दिसू नये. त्या चौथ्या खेपेला अहिल्यानगरच्या पडद्यावर हे दोन शब्द वाचले तेव्हा मागच्या तीन तिकिटांचाही उलगडा एकदम झाला.

टप्प्याटप्प्याने चालत जाण्याऐवजी लेबल-मार्गाचा पिंग वापरला तर वेळ वाचतो. तो आता आरएफसी ८०२९ मध्ये वर्णिलेला आहे. त्याच्या पॅकेटचा आयपी पत्ता १२७ पासून सुरू होणारा असतो, आणि असे पत्ते राउटर पुढे पाठवत नाहीत, त्यामुळे मध्ये लेबल गळाले तर ते पॅकेट साध्या पिंगसारखे आयपीच्या आधाराने पुढे सरकू शकत नाही. ते जिथे अडकते तिथूनच उत्तर येते, आणि सिस्कोवर अशा वेळी ‘बी’ हे अक्षर उमटते, ज्याचा अर्थ बाहेर जाणाऱ्या इंटरफेसवर लेबल नाही. मात्र लेबल-मार्ग एकतर्फी असतो आणि उत्तर साध्या आयपीवरून परत येऊ शकते, म्हणून नाशिकहून कोल्हापूरला आणि कोल्हापूरहून नाशिकला अशा दोन्ही चाचण्या कराव्यात. दोन सारख्या किमतीचे (ओएसपीएफच्या हिशेबात सारखेच जवळचे) मार्ग असतील, तर एका चाचणीत एकच मार्ग तपासला जातो. काही शाखा चालू आणि काही बंद, अशी चमत्कारिक वाटणारी तक्रार असेल तर बहुधा दोनपैकी एका मार्गावरच लेबल तुटलेले असते, आणि तिथे ट्रेसरूटचा (वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या चाचणीचा) बहुमार्गी प्रकार वापरून प्रत्येक वाट वेगळी तपासावी लागते.

लेबल का नव्हते

तुटलेली जागा सापडल्यावर प्रश्न उरतो तो शेजारच्या राउटरशी बोलणे का थांबले याचा. ‘शो एमपीएलएस एलडीपी डिस्कव्हरी’ आणि ‘शो एमपीएलएस एलडीपी नेबर’ या दोन आज्ञांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की कारण बरेचसे स्पष्ट होते, कारण एलडीपीची ओळख दोन पायऱ्यांत होते. आधी २२४.०.०.२ या पत्त्यावर यूडीपीच्या ६४६ पोर्टवरून हॅलो (ओळखीचे संदेश) जातात, आणि मग टीसीपीच्या त्याच ६४६ क्रमांकाच्या पोर्टवर सेशन (लेबले देण्याघेण्याची जोडणी) उभे राहते.

आमच्याकडे पुण्याकडून हॅलोच येत नव्हते. आदल्या वर्षी पुण्याच्या राउटरवर अहिल्यानगरची लिंक एका कार्डवरून दुसऱ्या कार्डावर हलवली होती. हलवताना आयपी पत्ता, वर्णन, ओएसपीएफच्या ओळी असे सगळे नव्या इंटरफेसवर गेले आणि ‘एमपीएलएस आयपी’ ही एक ओळ राहून गेली. ओएसपीएफची मैत्री पूर्ण झाली, लिंक हिरवी दिसली, काम झाले असे धरले गेले. मुख्य मार्ग चालू असेपर्यंत त्या लिंकवरून नाशिकची वाहतूक जातच नव्हती, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने झोपून राहिली आणि फायबर तुटली की जागी झाली. ती एक ओळ लिहिल्यावर काही सेकंदांत सेशन उभे राहिले आणि ‘नो लेबल’च्या जागी आकडा आला.

हॅलो दिसतात पण सेशन उभे राहत नाही, अशी स्थिती असेल तर तीन ठिकाणी पाहावे. राउटरच्या संरक्षणासाठी लावलेल्या यादीत टीसीपी ६४६ अडवले गेले असू शकते. दोन्ही बाजूंचा पासवर्ड जुळत नसू शकतो. किंवा समोरच्याचा एलडीपी राउटर-आयडी हा पत्ता आपल्या राउटिंग टेबलात नसतो. या तिसऱ्या कारणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तेही दबा धरून बसणारे आहे. आयडी स्पष्ट नेमून दिलेला नसेल तर सिस्कोचा राउटर सर्वांत मोठा लूपबॅक पत्ता निवडतो. कुणीतरी चाचणीसाठी आणखी एक लूपबॅक बनवतो, त्या दिवशी काहीच बिघडत नाही, आणि पुढे कधीतरी वीज गेल्याने राउटर पुन्हा सुरू होतो तेव्हा तो नव्या लूपबॅकचा पत्ता आयडी म्हणून उचलतो, जो ओएसपीएफमध्ये कुणाला ठाऊकच नसतो. यावर उपाय एकच, ‘एमपीएलएस एलडीपी राउटर-आयडी लूपबॅक० फोर्स’ असे प्रत्येक राउटरवर लिहून ठेवणे.

सेशन आहे, तरी त्या एका पत्त्याला लेबल नाही, असेही घडते, आणि ते नवा पीई जोडल्यावर हमखास दिसते. लूपबॅकला /२४ असा मास्क (२५६ पत्त्यांचा गट) दिला, तर ओएसपीएफ आपल्या सवयीप्रमाणे तो /३२ (एकच पत्ता) म्हणून जाहीर करतो, पण एलडीपी त्याच पीईवर /२४ साठी लेबल देते. आरएफसी ५०३६ प्रमाणे लेबल आणि रूट यांचा तंतोतंत मेळ बसावा लागतो, त्यामुळे शेजारच्या राउटरला /३२ साठी काहीच मिळत नाही आणि बाहेरचे लेबल एक टप्पा आधीच गळते. लूपबॅक /३२ चाच ठेवावा. याच तंतोतंत मेळाच्या नियमामुळे पीईंचे लूपबॅक ओएसपीएफच्या एरियाच्या (विभागाच्या) सीमेवर कधीही एकत्रित करू नयेत. राउटिंग टेबल छोटे झाले म्हणून बरे वाटते, आणि लेबल-मार्ग त्या सीमेवर संपतो. आरएफसी ५२८३ मध्ये यातून सुटण्याची तरतूद आहे, पण ती सगळ्या राउटरांवर चालू असल्याची खात्री नसेल तर तिच्यावर विसंबू नये.

काही वेळा मुख्य लिंक परत आल्यानंतरच्या काही सेकंदांत किंवा मिनिटभरात व्हीपीएन बंद पडते आणि मग सुरळीत होते. त्याचे कारण ओएसपीएफ आणि एलडीपी यांची शर्यत हे असते. ओएसपीएफ आधी तयार होऊन वाहतूक लिंकवर ओढून घेतो आणि लेबले मागून येतात. २००९ च्या आरएफसी ५४४३ मध्ये यासाठी समन्वयाची पद्धत दिली आहे. लेबलांची देवाणघेवाण पुरी होईपर्यंत ओएसपीएफ त्या लिंकची किंमत ६५५३५ अशी कमाल सांगतो, त्यामुळे दुसरी वाट असेपर्यंत वाहतूक तिकडेच राहते. सिस्कोवर ओएसपीएफच्या प्रक्रियेखाली ‘एमपीएलएस एलडीपी सिंक’ ही ओळ लागते. जोडीला सेशनचे संरक्षण चालू केले, तर लिंक पडलेली असताना सेशन दुसऱ्या वाटेने तग धरून राहते आणि लिंक परत येताच लेबले नव्याने मागावी लागत नाहीत.

पुन्हा होऊ नये म्हणून

माणूस एक ओळ विसरतो, हे गृहीत धरूनच रचना करावी. ओएसपीएफच्या प्रक्रियेखाली ‘एमपीएलएस एलडीपी ऑटोकॉन्फिग’ लिहिले की ज्या इंटरफेसवर ओएसपीएफ आहे तिथे एलडीपी आपोआप चालू होते, आणि कार्ड बदलताना विसरण्यासारखे काही उरतच नाही. जिथे हे लगेच करता येत नाही तिथे ओएसपीएफच्या इंटरफेसांची यादी आणि ‘शो एमपीएलएस इंटरफेसेस’ची यादी दर आठवड्याला ताडून पाहावी. बॅकबोनच्या बाजूला दोन्ही याद्यांत एकाही नावाचा फरक असता कामा नये. समन्वयाची पद्धत लावली आहे म्हणून विसरलेला इंटरफेस पकडला जाईल, या भरवशावर राहू नये. ती सुरू असलेल्या एलडीपीची वाट पाहण्यासाठी आहे. जे नेटवर्क सेगमेंट राउटिंगकडे वळत आहेत तिथे लेबल ओएसपीएफ किंवा त्यासारख्याच आयएस-आयएसच्या माहितीतूनच येत असल्याने दोन प्रोटोकॉलांचा मेळ घालण्याचा प्रश्न मिटतो, पण संक्रमणाच्या काळात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत असतात आणि तपासाची ही रीत तोवर जशीच्या तशी लागू पडते.

पर्यायी मार्गाची खरी परीक्षा मात्र त्यावरून वाहतूक नेल्याशिवाय होत नाही. मध्यरात्रीच्या ठरलेल्या वेळेत मुख्य लिंकची ओएसपीएफ किंमत दोन्ही टोकांना वाढवावी. एकाच टोकाला वाढवली तर फक्त जाणारी वाट बदलते आणि येणारी जुन्याच मार्गाने राहते, मग चाचणी अर्धीच होते. वाहतूक वळली की दोन्ही दिशांनी लेबल-मार्गाचा पिंग करावा, आणि नंतर व्हीआरएफमधून १५०० बाइटचा, तुकडे न करण्याची अट घातलेला पिंग करावा. हा दुसरा पिंग वेगळ्या कारणासाठी आहे. प्रत्येक लेबल ४ बाइटचे असते, त्यामुळे दोन लेबलांसह पॅकेट १५०८ बाइटचे होते. पर्यायी मार्गावर एखादी मायक्रोवेव्ह लिंक फक्त १५०० बाइट पेलणारी असेल, तर छोटा पिंग लागतो, शाखेत लॉगिनचे पान उघडते आणि अहवाल डाउनलोड करताना पडदा गोठतो. शेवटून दुसऱ्या राउटरनंतर एकच लेबल उरत असल्याने तिथे १५०४ पुरतात, पण वाहतूक कोणत्या टप्प्यावरून जाईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून बॅकबोनच्या सर्व लिंक निदान १५१२ बाइट पेलतील अशा ठेवाव्यात, म्हणजे जलद पुनर्मार्गणाचे (लिंक तुटताच वाहतूक वळवण्याच्या सोयीचे) तिसरे लेबलही बसते.

तिकीट बंद करताना ‘फायबर कट’ एवढे लिहून थांबू नये. वाहतूक पर्यायी मार्गावर असताना व्हीपीएन चालू होती की बंद, आणि कोणत्या राउटरवर कोणते लेबल दिसले, या दोन गोष्टींसाठी आम्ही तिकिटात वेगळे रकाने केले आहेत. ते भरल्याशिवाय तिकीट बंद होत नाही.

किंमत वाढवून पाहण्याची ही फेरी आम्ही त्या पावसाळ्यानंतर सर्व पर्यायी मार्गांवर घेतली. दुसऱ्याच रात्री सोलापूर ते लातूर या लिंकवर असाच एक इंटरफेस सापडला. ओएसपीएफ चालू, एलडीपी नाही, आणि तोवर त्या लिंकवर कोणत्याही ग्राहकाची वाहतूक एकदाही वळलेली नव्हती.